घासण्याआधी

दिवाळीच्या आधी आमच्या घरातलं सगळं पितळ अंगणात यायचं. घंगाळ, समया, तांबे, निरांजनं, देव्हाऱ्यातली घंटा. चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ आणि बंबातली चाळलेली राख. आई एकेक भांडं मांडीशी धरून घासायची, धुवायची आणि उन्हात पालथं घालायची. ‘लख्ख’ या शब्दाचा अर्थ मला त्या अंगणात कळला. ज्या घरातलं पितळ कळकलेलं, त्या घराकडे कुणाचं लक्ष नाही, असं आमच्याकडे सरळ गणित होतं. ते गणित मी सोबत घेऊन अमेरिकेत आले आणि त्याच्याच जोरावर माझ्या पहिल्या व्हिक्ट्रोलावरचं, म्हणजे कपाटातल्या जुन्या ग्रामोफोनवरचं, शंभर वर्षांचं सोनं एका संध्याकाळी पुसून टाकलं.

पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे ती मला मिळाली. व्हिक्टर कंपनीची सोळा नंबरची व्हिक्ट्रोला, महोगनीची, माझ्या छातीपर्यंत येणारी. दारांच्या मुठी तपकिरी-काळ्या पडल्या होत्या. भांड्यांचं क्रीम पॉलिश आणि जुन्या बनियनचा तुकडा घेऊन मी जमिनीवर बसले. कापड काळं होत गेलं तसा माझा हुरूप वाढत गेला. अर्ध्या तासात चारही मुठी झगझगीत झाल्या. सकाळी झाकण उघडलं तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी हात न लावलेला आतला टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, पिकल्या हापूससारखा उबदार पिवळा दिसत होता आणि बाहेरच्या मुठी नळाच्या नव्या तोटीसारख्या फिकट, हिरवट पिवळ्या. मी एक मूठ काढली. लाकडाला टेकणाऱ्या तिच्या बुडाशी एक बारीक कडं होतं, टोनआर्मच्याच रंगाचं. बांगडीखालची कातडी उन्हाने रापत नाही, तसं ते तेवढंच वाचलं होतं.

तांब्या आतबाहेर पितळेचा असतो. तो शंभर वर्षं घासला तर शंभर वर्षं पितळच दिसणार. मुठीचं तसं नव्हतं. आत पितळ, वर विजेच्या प्रवाहाने चढवलेलं सोनं, आणि ते सोनं मायक्रॉनच्या अंशाइतकं पातळ. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. सोनं स्वतः काळं पडत नाही. पण इतक्या पातळ थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांतून खालच्या पितळेतलं तांबं हळूहळू वर येतं आणि हवेत काळवंडतं. मी ज्याला मळ समजले, ती त्या सोन्यावर बसलेली साय होती. कोमट पाणी, सौम्य साबण आणि धीर, एवढ्यानेच तिच्यातली बरीचशी उतरली असती. पॉलिशमध्ये मात्र बारीक खर असते. ती सायही काढते आणि सायीखालचं सोनंही.

पुढची काही वर्षं मी जुन्या फोनोग्राफच्या बिजागऱ्या, मुठी, कुलपांच्या चकत्या, झाकणाचे टेकू आणि चावीच्या भोकाभोवतालची नक्षीदार पट्टी, म्हणजे सुतार ज्याला ‘फिटिंग’ म्हणतात ते सगळं, भिंगाखाली बघत काढली. हे पुस्तक त्या बघण्यातून झालं. यंत्राच्या आतल्या स्प्रिंगांवर, वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरवर, सुईची थरथर आवाजात बदलणाऱ्या साउंडबॉक्सच्या पडद्यांवर जाणत्या लोकांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. कपाटाच्या लाकडावरही लिहिलं आहे. पण त्या लाकडावरच्या धातूचा मूळ रंग कोणता होता, तो कसा आणला होता आणि आज त्यातलं काय उरलं आहे, याकडे यंत्र दुरुस्त करणारे बहुतेक शेवटी वळतात, तेही हातात पॉलिशचा डबा घेऊन.

मी राहते त्या गावाचं नाव एडिसन. न्यू जर्सीतलं हे गाव आज मराठी माणसाला ओक ट्री रोडवरच्या वाणसामानासाठी आणि मिठाईसाठी माहीत असतं. 1954 पर्यंत त्याचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. याच्याच मेन्लो पार्क भागात थॉमस एडिसन यांनी 1877 साली कथलाच्या वर्खावर माणसाचा आवाज उमटवला आणि परत ऐकवला. इथून गाडीने तास-सव्वा तासावर, डेलावेअर नदीकाठी कॅम्डेन आहे. तिथे एल्ड्रिज जॉन्सन यांनी 1901 साली व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी काढली. तिच्या जुन्या इमारतीच्या मनोऱ्यावर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला निपर हा कुत्रा रंगीत काचांत अजून आहे. इमारतीत आता लोक राहतात.

फिटिंगची गोष्ट खरी सुरू होते ती 1906 साली. तोवर घरात वाजणारं यंत्र म्हणजे टेबलावरची पेटी आणि तिच्यावर फुलासारखा उमललेला कर्णा. दिवाणखान्यात तो अडचण करी, धूळ धरी, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागे. जॉन्सन यांनी कर्णा दुमडून कपाटाच्या पोटात घातला, त्याचं तोंड खाली वळवलं आणि त्याच्यापुढे दोन छोटी दारं बसवली. यंत्राचं फर्निचर झालं आणि त्याला नाव मिळालं व्हिक्ट्रोला. उंच कपाटाची किंमत 200 डॉलर होती. दोन वर्षांनी बाजारात आलेली फोर्डची मॉडेल टी मोटार 850 डॉलरला मिळे, यावरून ही चैन कोणत्या घरांत गेली असेल ते कळतं. अशा घरात कपाटाच्या मुठी बाकीच्या फर्निचरच्या तोडीच्या हव्यात, हे कंपनीला चांगलं ठाऊक होतं. म्हणून वरच्या दर्जाच्या यंत्रांवर सोन्याचा मुलामा आला आणि शंभर डॉलरच्या आसपासच्या यंत्रांवर निकेल. त्या काळच्या गिऱ्हाइकाला दुरून, नुसत्या मुठीच्या रंगावरून, शेजाऱ्याने किती पैसे मोजले ते ओळखता येत असणार.

ती दारं शोभेची नव्हती, हे मला फार उशिरा समजलं. या यंत्रांना आवाज कमी-जास्त करायचं बटण नाही. जाड सुई लावली की आवाज मोठा, बारीक लावली की मऊ. वाजत असताना त्यात फरक करायचा, तर दारं सताड उघडायची नाहीतर ओढून घ्यायची. म्हणजे मुठीवरची झीज ही नुसती उघडझापीची झीज नाही. बाळ झोपलं म्हणून कुणी दार अर्धं लोटलं, पाहुणे आले म्हणून कुणी पूर्ण उघडलं, त्या सगळ्या वेळांचे अंगठे तिथे आहेत. मी पाहिलेल्या बऱ्याच यंत्रांत उजव्या मुठीचं सोनं डावीपेक्षा जास्त गेलेलं असतं, आणि तेही एका बाजूनेच, बोट टेकतं तिथे. तिथून पितळ दिसतं, त्याच्या कडेला सोनं पातळ होत होत पुन्हा दाट होतं. आमच्या देव्हाऱ्यातल्या टाकांवर देवाचं नाक-डोळे रोजच्या धुण्याने असेच पुसट झाले आहेत. आजीच्या हातची ती पुसटी आम्हाला कधी उणीव वाटली नाही.

आणखी एक जागा दाखवते. झाकण उघडलं की फिरत्या तबकाशेजारी छोट्या वाट्या बसवलेल्या असतात, सुयांसाठी. पोलादी सुई तबकडीच्या एका बाजूपुरतीच वापरायची आणि टाकून द्यायची, असा नियम होता. वापरलेल्या सुया एका वाटीत, नव्या दुसऱ्यांत. सोन्याचा मुलामा असलेल्या यंत्रात वापरलेल्या सुयांची वाटी काढून घ्या आणि उजेडाकडे कलती धरा. तळाशी हजारो बारीक ओरखडे दिसतील, एकमेकांना छेदणारे, आणि कडेने गंजाची तांबूस रेघ. ज्या वाटीचा तळ कोरा आहे, ते यंत्र शोभेला ठेवलेलं होतं. ओरखड्यांनी सोनं पार गेलेलं असेल, तर त्या घरात गाणं होतं. एकदा ही वाटी चाकावर धरून गुळगुळीत केली की त्या घराबद्दल कळण्याची एक वाट कायमची बंद होते. म्हणून मी वाटीच्या आतल्या बाजूला कधीच हात लावत नाही, आणि वाचकांनीही लावू नये अशी कळकळीची विनंती आहे.

सोन्यापेक्षा निकेलच्या बाबतीत फसगत जास्त होते. निकेलच्या मुलाम्याचा धंदा वाढला तो 1869 साली बोस्टनच्या आयझॅक अ‍ॅडम्स ज्युनियर यांना पेटंट मिळाल्यावर. फोनोग्राफचा बहराचा काळ आला तोवर शेगड्या, सायकली, दिवे सगळं निकेलने मढलं होतं. पण ते निकेल आजच्यासारखं चकचकीत नव्हतं. टाकीतून वस्तू निघायची ती दुधी, निस्तेज, आणि कामगार ती कापडी चाकावर धरून हाताने चमकवायचा. द्रावणातूनच आरशासारखं निघणारं निकेल 1930 च्या दशकातलं. म्हणून जुन्या निकेलवर, नीट पाहिलं तर, हाताच्या दिशेने जाणाऱ्या अगदी पुसट रेषा सापडतात, आणि पृष्ठभाग पूर्ण सपाट नसतो. क्रोमियम त्याहून वेगळं. त्याचा मुलामा व्यापारी पातळीवर आला तो 1920 च्या दशकाच्या मध्यानंतर. 1912 च्या यंत्रावर क्रोमची मूठ दिसली, तर ती नंतर कुणीतरी बसवली किंवा मुलामा देऊन घेतली, यात शंका धरायचं कारण नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. क्रोममध्ये आभाळाची निळसर झाक असते. जुन्या निकेलमध्ये दुधात चहाचे दोन थेंब पडावेत तशी पिवळसर, आणि वर्षांगणिक ती थोडी वाढते.

दुसरा धोका अक्षरांचा. मुलामा पुन्हा देण्याआधी जुना काढून खालचा धातू घासून सपाट करावा लागतो. साउंडबॉक्सवर कोरलेली नावं, पेटंटच्या तारखा, पट्ट्यांवरची बारीक पानंफुलं या घासण्यात बोथट होतात. वरून चमक कितीही येऊ दे, अक्षराच्या कडेवर नख फिरवलं की कळतं. मूळ अक्षर नखाला अडतं. स्क्रूही बघावेत. फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकातले, त्यामुळे त्याआधीच्या कपाटावर ते दिसले तर कुणीतरी बिजागरी उघडली होती. सरळ खाचेचा स्क्रू असेल आणि खाचेच्या आतही मुलामा शाबूत असेल, तर तो कारखान्यात बसवल्यापासून बहुधा कुणी फिरवलेला नाही. असा स्क्रू मला भेटतो तेव्हा तो तसाच राहावा म्हणून मी काम अडवून ठेवते.

आता ‘ऑक्सिडाइज्ड’. हा शब्द मराठी बाईला समजावून सांगावा लागत नाही. ऑक्सिडाइज्ड झुमके, ऑक्सिडाइज्ड ठुशी, खणाच्या साडीवरचे काळसर दागिने आपण सगळ्या घालतो. खोलगट भागात काळं, उंच भागात चांदी उजळ, आणि त्या दोन्हींमुळे नक्षी उठून दिसते. एडिसन यांच्या कंपनीने आणि इतरांनीही काही यंत्रांचं फिटिंग नेमकं असंच केलं. तांब्याचा किंवा ब्राँझचा थर द्यायचा, गंधकाच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून तो तपकिरी ते काळा करायचा, उंच कडा पुसून उजळायच्या आणि वर पारदर्शक लाखेचा हात द्यायचा. नावात ऑक्सिजन असला तरी काम गंधकाचं आहे, दागिन्यांवरही आणि मुठींवरही. शंभर वर्षांनी ही मूठ हातात येते तेव्हा ती नुसती काळी, मळकट दिसते. चिंच लावायचा मोह होतो तो इथे सगळ्यात जास्त, आणि नुकसानही इथेच सगळ्यात पूर्ण होतं. सोन्याच्या मुठीच्या बुडाशी निदान एक कडं तरी उरतं. काळी मूठ आम्लात बुडवली की ती दहा मिनिटांत सपाट गुलाबी तांब्याची होते आणि कलाकाराने कुठे काळं ठेवलं, कुठे उजळलं, ते परत कुणी सांगू शकत नाही. मी पाहिलेल्या यंत्रांपैकी मला सगळ्यात देखणी वाटलेली यंत्रं याच काळ्या फिटिंगची आहेत. आपल्याकडच्या ठुशीने माझा डोळा आधीच तयार केला होता, असं मला मनापासून वाटतं.

वरच्या त्या लाखेबद्दलही दोन शब्द हवेत, कारण ती आपल्या देशातून जात असे. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. ती लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पितळेवर चढवत. तिच्यात पिवळा रंग मिसळला की पितळ सोन्यासारखं दिसे. म्हणजे कधी कधी आपण ज्याला सोनं म्हणतो ते नुसतं पितळ असतं, लाखेचा पदर घेतलेलं. तीच लाख कपाटाच्या लाकडावर पॉलिश म्हणून होती आणि तीच त्यावर वाजणाऱ्या तबकडीत. पुढे लाखेच्या जागी सेल्युलोजची व्हार्निशं आली. ओळखायची खूण सोपी: नजरेआडच्या जागी, बुडाशी, स्पिरिटने ओलावलेली काडी क्षणभर टेकवा. लाख चिकट होते. याच कारणाने स्पिरिटचा बोळा यंत्रावर सरसकट फिरवू नये. मूठही जाईल आणि तिच्या भोवतालचं लाकूडही पांढरं पडेल.

जस्ताच्या ओतीव भागांचं प्रकरण पुस्तकात छोटंच ठेवलं आहे, कारण तिथे करण्यासारखं फार नाही. 1925 साली आलेल्या ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोलांचे अनेक साउंडबॉक्स स्वस्त जस्तमिश्रणाचे आहेत. त्या मिश्रणात शिसं किंवा कथील जास्त झालं की धातू आतून फुगतो, तडकतो आणि वरचा सोन्याचा मुलामा फोडासारखा उचलला जातो. हा आजार धातूच्या कणांच्या सांध्यातला आहे, त्याला औषध नाही. शुद्ध जस्तावर आधारलेलं झामाक मिश्रण न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 साली आणलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला यातलं काय उपयोगी, असा प्रश्न मला पुस्तक लिहिताना अनेकदा पडला. कॅम्डेनची व्हिक्ट्रोला आपल्याकडे क्वचित दिसते. व्हिक्टर आणि लंडनची ग्रामोफोन कंपनी यांनी जगाचा बाजार वाटून घेतला होता आणि हिंदुस्थान लंडनच्या वाट्याला होता. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं ते त्याच कंपनीसाठी. आपल्या माळ्यांवर सापडतात त्या याच कंपनीच्या, लंडनजवळच्या हेजच्या कारखान्यातल्या एचएमव्ही पेट्या, बहुतेक काळ्या, ट्रंकेसारख्या. आजोबांच्या घरी 1931 नंतरचं 102 मॉडेल होतं आणि त्यावर बालगंधर्वांच्या तबकड्या लागायच्या. त्या पेटीच्या कड्या क्रोमच्या आहेत आणि त्या तशाच असायला हव्यात. तिच्याआधीच्या 101 वर मात्र निकेल चालतं. घरातली पेटी विकायची असो वा जपायची, एवढा फरक कळला तरी पुष्कळ झालं.

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, आणखी एक गोष्ट दिसते. पितळेचा भलाथोरला कर्णा, सागवानी किंवा शिसवी वाटणारी आठ कोनांची पेटी, पुढे कुत्र्याचं चित्र, आणि सगळं पितळ एकसारखं झगझगीत. ही यंत्रं अलीकडे जुळवलेली असतात. विकत घ्यायची असतील तर घ्यावीत, दिवाणखान्यात छान दिसतात. पण जुनं म्हणून घेऊ नये. मूळ यंत्रावर झीज कधीच सारखी नसते. हात लागतो तिथे जास्त, कोपऱ्यात कमी, स्क्रूखाली अजिबात नाही. सगळीकडे सारखी चमक किंवा सगळीकडे सारखा काळेपणा दिसला, तर तो एकाच दिवशी आलेला आहे.

पुन्हा मुलामा द्यायचाच नाही, असं मी म्हणत नाही. काही फिटिंगवर मूळचं खरोखर काहीच उरलेलं नसतं, पोलाद गंजून खवले निघतात, अशा वेळी निकेल पुन्हा चढवणं हाच ते वाचवायचा मार्ग असतो. त्या आधी बुडाशी, खाचेत, बिजागरीच्या मागे मूळ थराचा तुकडा शोधावा, त्याचा फोटो काढावा, आणि कारागिराला जुन्या पद्धतीचं, हाताने चमकवलेलं निकेल मागावं. सोन्याबाबत मी अधिक कडक आहे. अर्धं सोनं उरलेली मूठ ही पूर्ण मूठ आहे, असं मी मानते, आणि यावर माझे काही संग्राहक मित्र माझ्याशी वाद घालतात. त्यांचं म्हणणं असं की कारखान्यातून निघालं तसं दिसावं. ती त्यांची बाजू प्रामाणिक आहे. पण कारखान्यातून निघाल्या दिवशीची मूठ डेलावेअरमधल्या डोव्हरच्या जॉन्सन व्हिक्ट्रोला म्युझियममध्ये जाऊन कल्पनेत बघता येते. एका घरात शंभर वर्षं राहिलेली मूठ मात्र त्या घराच्या कपाटावरच असते.

पुस्तकाच्या पहिल्या भागात निकेल, सोनं, काळं ब्राँझ आणि लाख यांची ओळख आहे, दुसऱ्या भागात ती भिंग आणि खिडकीचा उजेड यांच्या मदतीने कशी ओळखायची ते. साफसफाई तिसऱ्या भागात आहे आणि ती मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

मी घासलेल्या त्या चार मुठी अजून माझ्या व्हिक्ट्रोलावर आहेत. त्यांना पुन्हा सोनं चढवून घेतलेलं नाही. पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला त्यातल्या एकीचं छायाचित्र आहे, बुडाच्या बाजूने घेतलेलं. उरलेल्या कड्याची रुंदी मी मोजली आहे, ती दीड मिलिमीटर भरते.